नानांना विहीर मान्य नव्हती

चाळीसगाव तालुक्यात नानांच्या नजरेतून पाण्याचा एक थेंबही कधी सुटला नाही. असं नाना स्वतःच सांगत. थेंबांचं म्हणणं कुणी विचारलं नाही.

नाना म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक. नोकरीत त्यांचा एकच सिद्धांत होता: कालव्यालगत हिरवं दिसलं की ते कालव्याचंच पाणी. शेतकरी त्यांना आपल्या विहिरीच्या काठावर नेऊन उभं करी. नाना आत डोकावत, मान डोलवत आणि पाणीचोरीचा पंचनामा लिहीत. "विहिरीचं कारण मी तीस वर्षं ऐकतोय," हे त्यांचं आवडतं वाक्य. खात्याने त्यांना निवृत्त केलं, सिद्धांताला नाही.

मावशीला, म्हणजे आमच्या अक्काला, साठीनंतर स्तनाचा कर्करोग झाला. जळगावला ऑपरेशन झालं. गाठ इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढणारी निघाली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पाच वर्षं रोज एक गोळी सांगितली. नानांनी चष्मा पुसला. "हिची पाळी थांबून बारा वर्षं झाली. रक्ताचा रिपोर्ट बघा, इस्ट्रोजेन जवळजवळ नाहीच. कालवा कोरडा आहे, बाई. पीक वाढणार कशावर?"

"नाना, रक्तात नसलं तरी गाठीत भरपूर सापडतं," बाई म्हणाल्या. "गाठ ते जागच्या जागी तयार करते. तिची स्वतःची विहीर असते म्हणा ना. एखादी पेशी मागे राहिली असेल, तर तिला ते मिळू नये म्हणून ही गोळी."

बाईंनी नेमका नको तो शब्द वापरला.

घरी येताच नानांनी गोळ्या 'चौकशी पूर्ण होईपर्यंत' कपाटात बंद केल्या. चौकशी अधिकारी तेच. अक्का एवढंच म्हणाली, "बठ्ठं तुमले माहीत शे. पन गाठ मनी शे." सगळं त्यांना माहीत, पण गाठ तिची होती. मग मला स्वयंपाकघरात बोलावून तिने डॉक्टरांची चिठ्ठी हातात दिली. दर महिन्याला मी गोळ्या आणायचो. त्या ज्वारीच्या डब्यात राहायच्या; तिथे नानांचा हात आयुष्यात कधी गेला नव्हता.

तपासणीला मात्र नाना स्वतः तिला जळगावला नेत. गाडीत तिला खिडकीची जागा मिळावी म्हणून अख्ख्या डब्याशी भांडत. तपासणी दर वेळी चांगली येई आणि नाना पाहुण्यांना सांगत, "एक गोळी घेऊ दिली नाही." मी तोंड उघडू लागलो की अक्का चहाचा दुसरा कप पुढे करायची.

चौथ्या वर्षी नाना हृदयविकाराने गेले. शोकसभेत त्यांचे एक माजी सहकारी म्हणाले, की वैद्यकशास्त्राला आव्हान देऊन पत्नीला वाचवणारा असा पुरुष पुन्हा होणे नाही. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले.

खाली बसल्यावर अक्काने माझ्याकडे पाणी मागितलं. गोळीची वेळ झाली होती.