शेजारच्या आसनाचा आवाज

सहनशीलता आणि तितिक्षा हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः सहन करणारा मनातून विव्हळत असतो. तितिक्षूच्या ठायी ते विव्हळणेही निमालेले असते. ही अवस्था दीर्घ साधनेने प्राप्त होते, असे जाणते सांगतात. बाइंडरकाकांना ती गॅरेजच्या बाकावर बसून प्राप्त झाली.

काका आयुष्यभर पुस्तके बांधत आले. खळ वाळल्यावाचून पान उलटायचे नाही, हा त्यांच्या हातांचा धर्म. पत्नीचे एक अंग लुळे पडले तेव्हा त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि रोज संध्याकाळी ते तिला तळ्याकाठी नेऊ लागले. घराबाहेरचे तिचे जग तेवढेच उरले होते. काही महिन्यांनी तिच्या बाजूने गाडी ठक् ठक् वाजू लागली.

"मी बसले की कुरकुरते मेली," काकू म्हणाल्या. "अगदी तुमच्या आईंसारखी."

"आई तर तू उभी असलीस तरी कुरकुरायची."

काकू हसल्या खऱ्या. पण दर खड्ड्याला त्यांचा धड हात दाराची मूठ घट्ट धरू लागला. एके दिवशी त्यांनी निक्षून सांगितले, "चाक निखळायचं कधीतरी. नीट होईपर्यंत मी नाही बसायची."

गॅरेजचा मिस्त्री मोठ्या आत्मविश्वासाचा माणूस. "निर्धास्त राहा काका, बुश गेलाय," तो म्हणाला. बुश म्हणजे सांध्यातली रबरी गादी. ती बदलली, गाडी आरशासारखी धुऊनपुसून परत मिळाली. काकांनी काकूंना कसेबसे राजी करून बसवले. पहिल्याच वळणावर ठक् ठक्. मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलला, मग चाकामागचा कसलासा दांडा. दर खेपेला मिस्त्री एकटाच गाडी फिरवून आणी आणि खिडकीतून अंगठा दाखवी.

"शेजारी कुणी बसलं की वाजते," काका सांगत. "तुमच्यापैकी एकानं शेजारी बसून फेरी मारा ना."

"माणसं कामाला ठेवलीत काका, हवा खायला नाही! आमच्या कानांवर भरवसा ठेवा."

"कानांवर आहे हो. तुम्ही बसता कुठे, त्यावर नाही."

सारे गॅरेज हसले. शेजारी मात्र कोणी बसले नाही. काकांनी दुसरे गॅरेज पाहिले. तिथेही गाडी आधी धुतली गेली. ते पुन्हा पहिल्याच बाकावर येऊन बसू लागले आणि हळूहळू त्यांनी बोलणे सोडले.

"झाली का गाडी?" संध्याकाळी काकू खिडकीपाशी बसून विचारीत.

"उद्या देतो म्हणालेत."

अशाच एका उद्याची वाट पाहता पाहता काकू गेल्या. तळे त्यांना पुन्हा दिसले नाही.

सारे आटोपल्यावर गॅरेजमधून निरोप आला. गाडी धुतलेली होती. काकांनी ती एकट्यानेच तळ्यापर्यंत नेली आणि परत आणली. खड्डे तेच, वळणे तीच. गाडी निःशब्द.

"काय काका, गेला ना आवाज?" मिस्त्रीने विचारले.

"गेला."

त्यांना राग आला नाही. इथे राग यायला हवा होता, एवढेच, दुसऱ्या कुणाविषयी वाटावे तसे, त्यांना वाटून गेले.

पुढे पुष्कळ वर्षे ते पुस्तके बांधत राहिले आणि गाडी चालवत राहिले. शेजारच्या आसनावर त्यांनी कोणाला बसवले नाही. आता तेही नाहीत. गाडी त्यांच्या भाचीकडे आहे. शेजारी कोणी बसले की ती वाजते.