परसातल्या बोअरचं झाकण

आमची वहिनी पाण्याचे नमुने घेते. बाटलीत पाणी भरायला असं काय मोठं लागतं, असं विचारणारे महाभाग भेटतात. अशांना एक दिवस वहिनीच्या हाताखाली द्यावं, संध्याकाळपर्यंत सुतासारखे सरळ होतील.

आमच्या गल्लीच्या टोकाला पूर्वी पेट्रोल पंप होता. त्याची जमिनीखालची टाकी वर्षानुवर्षं गुपचूप गळत राहिली. कळलं तेव्हा माती नासली होती आणि पाणीही. मग टाकी उपटली, काळी माती ट्रक भरभरून नेली आणि गल्लीतल्या सगळ्या विहिरींना सील ठोकलं. त्यात आमच्या परसातली आईची विहीरही गेली. आईची म्हणायचं, कारण बाबांनी ती तिच्या हट्टापायी खणली होती. तेव्हापासून आई टँकरच्या पाण्याला नावं ठेवत होती, आणि तिच्याकडे नावांचा तोटा नव्हता.

माती-पाण्यावर नजर ठेवायला ठिकठिकाणी बारीक बोअर मारलेले आहेत. त्यातला एक आमच्या विहिरीशेजारीच. दर तीन महिन्यांनी वहिनी त्यातलं साचलेलं पाणी उपसून टाकते, ताजं पाणी आलं की चिमुकल्या काचेच्या बाटल्या काठोकाठ भरते आणि उलट्या करून टिचकी मारते. आत एवढासा बुडबुडा दिसला तरी बाटली बाद, कारण पेट्रोलचा अंश त्या हवेत निसटतो. नमुन्याच्या दिवशी ती अत्तर लावत नाही, गाडीत पेट्रोल भरत नाही आणि दादाला आसपास फिरकू देत नाही. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तिचा नवरा. त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याला कितीही घासलं तरी तेलाचा वास जात नाही.

वर्षभर सगळे नमुने स्वच्छ आले की सील निघणार होतं. आता शेवटचीच खेप उरली होती. तिचा अहवाल आला आणि सगळे बोअर पास, फक्त आमच्या परसातला नापास. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून वर्ष मोजायचं. त्या दिवशी आईनं टँकरलाही नावं ठेवली नाहीत.

वहिनी परसात जाऊन उभी राहिली. "पंपाकडचे बोअर साफ, माती साफ, आणि मधेच इथे तेल कुठून आलं? प्रयोगशाळावाले म्हणतात जुनं पेट्रोलही नाही, रॉकेलसारखं काहीतरी ताजं आहे."

मग ती एकदम खाली बसली. त्या झाकणाचा बोल्ट कायम गंजलेला. दर वेळी तो उघडताना तिची बोटं सोलून निघायची. या खेपेला मात्र तो पहिल्याच फिरकीला निघाला होता, आणि आनंदाच्या भरात बाईसाहेबांनीही चौकशी केली नव्हती. आता तिनं बोल्टला नाक लावलं.

"अहो," तिनं हाक मारली, "जरा इकडे या."

दादा आला तोच मान खाली घालून. "तुझी बोटं सोलायची गं. म्हणून आदल्या दिवशी थोडं रॉकेल आणि तेल सोडलं. चार थेंब."

"चारच?"

"हात जरा सैल सुटला."

करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय, ते हे असं. मला हसूही आवरेना आणि दादाची कीवही येत होती. मीच शहाणपणा सुचवला, की बाटली फुटली म्हणून सांग आणि दुसरा नमुना घे, कोणाला कळतंय?

वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. "भावजी, आज मी यांचं तेल लपवलं, तर उद्या पाणी साफ आहे म्हणून सांगितल्यावर कोण विश्वास ठेवेल? आई तरी ठेवतील का?"

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊनच आपल्या ऑफिसात गेली. दादानं पुरावा म्हणून तेलाची बुधलीही नेली होती. ती दारातच काढून घेतली म्हणे. तिच्या मॅडमनी दोघांनाही भरपूर सुनावलं. झाकण बदललं, बोअरची नळी धुऊन उपसून काढली, आणि ठरलं की तो नापास नमुना रद्द धरायचा, वर्ष नव्यानं मोजायचं नाही, पण त्याच्या जागचे नमुने दुसराच माणूस घेईल, वहिनीनं बोअरभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर उभं राहायचं. ते तिला फार लागलं. स्वतःच्याच परसात परक्यासारखी उभी राहिलेली वहिनी पाहून मला दादाचा खरंच राग आला. आईनं तर दादाला टँकरच्या हंड्यांना जुंपलं. तो मुकाट्यानं वाहत होता.

नमुने दोनदा घेतले. दोन्ही स्वच्छ. प्यायच्या पाण्याची वेगळी तपासणीही पार पडली आणि एका सकाळी सील निघालं. विहीर उपसली, पुन्हा भरू दिली. शेजारपाजारचे सगळे आमच्या परसात जमले.

आईनं पहिली बादली स्वतः ओढली. पेला भरला, तोंडाशी नेला आणि थांबली. या घरात आईनं आजवर कोणाला विचारून काही केलेलं नाही, बाबांनासुद्धा नाही. ती वहिनीकडे वळली.

"पिऊ का गं?"

वहिनीचे डोळे भरून आले. "प्या, आई," ती म्हणाली.

आई सगळा पेला प्यायली.