बांगड्या ऐकू येतात का?

"वरडू नको. बोल."

मावशी हे इअरफोनला सांगायच्या. डाव्या हाताच्या चिमटीत वायर धरायची, कानात घालायची दोन्ही टोकं खाली लोंबती सोडायची, चष्म्यावरून त्यांच्याकडे बघायचं आणि मस्तीखोर पोराला समज द्यावी तसं हळूच म्हणायचं. मग जॅकच्या मानेला तीन हिसके. इतकं सगळं सोसून जो उरेल, तोच त्यांच्या कानात जायचा.

आमचा कारखाना महाप्याला. मोठा नाही, तळमजल्यावर जोडणी, वर ऑफिस, मागे चहाची टपरी. आम्ही वायरवाले इअरफोन बनवतो. आजच्या दिवसांत वायरवाले कोण घेतं, असं तुम्ही विचाराल. माझे सासरेही दर दिवाळीला विचारतात. गाणारे घेतात, रेकॉर्डिंगवाले घेतात, आणि रोज रात्री कानाला चार्जिंग लावायचा ज्यांना कंटाळा आलाय तेही घेतात. आमचं बरं चाललंय.

मालकांचा एकच नियम होता, मावशींच्या सहीशिवाय माल गेटबाहेर जायचा नाही. मावशी जवळच्या शिरवण्याच्या, इथल्या मूळ आगरी गावातल्या. कारखाना सुरू झाला तेव्हा सोल्डरिंगच्या टेबलावर लागल्या आणि पुढे कधीतरी, कुणी न नेमता, शेवटची तपासणी त्यांच्याकडे आली. मी रुजू झालो तेव्हा माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी होती आणि डोक्यात बरीच हवा. खारघरहून स्कूटरवर येताना मी रोज ठरवायचो की या बाईंना आज आवाजाचं शास्त्र समजावून सांगायचं.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यापुढे धडधडीत बेस असलेला एक नमुना ठेवला. तरुणांना असंच आवडतं, असं वर सांगितलं. मावशींनी ऐकलं, काढून ठेवलं.

"कसा वाटला?"

"लग्नातला डीजे हाय."

"म्हणजे चांगलाच ना?"

"नवरी कुठं हाय ती दिसत नाय," त्या म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

मी मीटर लावून आलेख काढला. आलेखात नवरी खरोखरच नव्हती. मधले सूर सगळे खाली दबलेले. त्या दिवसानंतर मी स्कूटरवर दुसऱ्या विषयांवर विचार करू लागलो.

आता त्यांच्या तपासणीची पद्धत सांगतो, कारण ती जगात दुसरीकडे कुठे नसावी. मावशींची आई धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाणारी ही बाई. ती बसल्याशिवाय लग्नाचं पान हलत नाही. मावशींच्या फोनमध्ये आईची एक रेकॉर्डिंग होती, भाचीच्या हळदीची. आई गाते आहे, गाता गाता नवरीला हळद लावते आहे आणि हात हलेल तशा तिच्या काचेच्या बांगड्या वाजताहेत. गळा आणि बांगड्या वेगवेगळ्या ऐकू आल्या तर माल पास. एकमेकांत मिसळल्या तर परत.

आणि हे त्या फॉर्मवर लिहायच्या. शेऱ्याच्या रकान्यात, टपोऱ्या अक्षरात, "बांगड्या हाय" किंवा "बांगड्या नाय". बाकी काही नाही.

एकदा असा एक फॉर्म भाषांतर होऊन परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे गेला. तिकडून नम्र पत्र आलं, की या चाचणीची आमच्या प्रयोगशाळेला माहिती नाही, कृपया कार्यपद्धती पाठवावी. मालकांनी पत्र माझ्यापुढे टाकलं. "इंजिनियर आहेस ना? लिही." मी लिहिली. बांगड्या काचेच्या, हिरव्या, प्रत्येक हातात एक डझन; हाताची हालचाल हळद लावण्याच्या गतीने. गिऱ्हाइकाने आभार मानले आणि पुढच्या ऑर्डरीत ही चाचणी सक्तीची केली. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर बांगड्यांचा छापील रकाना आहे. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग? त्यांच्याकडं बायका नायत काय?"

अशी चार-पाच वर्षं गेली आणि मी माझं स्वतःचं पहिलं मॉडेल बनवलं. वर्षभर त्याच्यावर बसलो होतो. त्याचा इम्पिडन्स मुद्दाम खूप ठेवला होता. सोपं करून सांगायचं तर हा जड दरवाजासारखा असतो. फोनच्या बोटाने ढकलला तर किलकिला होतो. चांगल्या ॲम्प्लिफायरने खांदा लावला तर पूर्ण उघडतो. आणि अशा जड इअरफोनमध्ये यंत्राची स्वतःची सूं सूं जवळजवळ ऐकूच येत नाही. मागे शांतता असते.

नमुने आले त्या दिवशी आमच्या लोकांनी सवयीप्रमाणेच केलं. प्रत्येकाने आपापला फोन काढला आणि जॅक खुपसला. मी ॲम्प्लिफायरची डबी हातात घेऊन "अहो थांबा, थांबा" करत टेबलाभोवती फिरत होतो. कुणी थांबलं नाही. आवाज पूर्ण वर नेऊन सगळ्यांनी तोंडं वाकडी केली.

मालक म्हणाले, "हा मुका आहे काय रे?"

"सर, त्याला ही डबी लागते."

"म्हणजे गिऱ्हाईक खिशात डबी घेऊन फिरणार? मला टेन्शन नको देऊस. मावशी महिनाअखेर रिटायर होतायत. त्यांची सही आण, नाहीतर साचे मोडीत."

माझं वर्ष आता त्या एका सहीवर आलं होतं. मी नमुना घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी समज दिली, हिसके दिले, मग फोनला लावून ऐकलं.

"ह्यो काय खातो?" त्यांनी विचारलं.

"व्होल्टेज. जरा जास्त लागतं."

"मंग दे ना. उपाशी मानसाला गायाला लावतोस."

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी डबी जोडली. त्यांनी आईची रेकॉर्डिंग लावली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. थोड्या वेळाने मान हलली, म्हणजे बांगड्या आल्या. मग मान थांबली. त्यांनी रेकॉर्डिंग मागे नेली. पुन्हा ऐकली. पुन्हा मागे नेली.

"काय झालं, मावशी? काही खरखर आहे का?"

"नाय. आईला दम लागलाय."

मला कळेना. त्यांनी एक बाजू माझ्या कानात घातली. तिसऱ्या ओळीच्या आधी आई श्वास घेते. इतर इअरफोनमध्ये तिथं फोनची सूं सूं असते. इथं मागे शांतता होती आणि त्या शांततेत म्हातारीचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता, आखूड, तुटलेला, खाली शिट्टीसारखं काहीतरी वाजणारा. चौथ्या ओळीच्या आधीही तसाच. आणि तरी ओळ सुरू झाली की गळा ठणठणीत.

"त्या लग्नानंतर दोन महिन्यांनी गेली," मावशी म्हणाल्या. "मना काय नाय झाला, मना काय नाय झाला, करत व्हती. आमी सगली तिथंच बसलेलो. बांगड्या आयकल्या. दम कोनी आयकला नाय."

त्यांनी पदराने चष्मा पुसला, पेन घेतलं आणि छापील रकान्यात लिहिलं, "बांगड्या हाय." त्याच्या खाली रकाना नव्हता, तरी लिहिलं, "दम पन हाय."

आवाजात माझा इअरफोन पास झाला होता आणि मला कुठे बघावं ते सुचत नव्हतं. जे ऐकू यावं म्हणून मी वर्षभर राबलो, ते ऐकून त्या बाईच्या जिवाला लागलं होतं. मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, "तू कशाला? तुजा खरा बोलतो."

पण पुढे सही करायच्या जागी त्यांनी पेन ठेवून दिलं.

"गला कच्चा हाय," त्या म्हणाल्या.

जॅकची मान. तिसऱ्या हिसक्याला वायर केसभर सरकली होती. दिसायला छान म्हणून मी मान बारीक ठेवली होती आणि त्यासाठी आतली गाठ काढून टाकली होती. जुन्या सगळ्या मालात जॅकच्या आत वायरला एक गाठ असते. ओढ बसली तर ती गाठीवर बसते, सोल्डरवर नाही. ही गाठ मावशींनीच सोल्डरिंगच्या दिवसांत सुरू केलेली.

मी चिडलो. कागदावरच्या मोजमापात सगळं बसतंय म्हणालो. "मावशी, तुम्ही आठ दिवसांनी जाणार. एक सही तर करायची आहे."

"एवरा खरा बोलनारा, न् गला कच्चा. लोकं गुंडालून खिशात कोंबतान. महिन्यात मुका व्हईल. मी नाय करनार."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधून ठेवलेली होती. फडक्याची गाठ सुटता सुटेना. मी दातांनी ओढतोय हे मावशी लांबून बघत होत्या. "बग, गाठ कशी धरते," म्हणाल्या. मी चटणी खाल्ली आणि साच्याचं चित्र पुन्हा काढायला घेतलं.

मालकांना फॉर्म दाखवला. त्यांनी बांगड्यांचा रकाना वाचला, खालची ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "थांबू. पण सही मावशींचीच. त्या कुठं बसून करतात ते मी विचारणार नाही."

मावशी निवृत्त झाल्या. नारळ, साडी, भिंतीवरचं घड्याळ, सगळं रीतसर झालं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ती रेकॉर्डिंग मी आता लावत नाय. कान बांगड्यांवर थांबत नाय. दमावरच जातो."

तीन आठवड्यांनी नवी मान आली, आत गाठ असलेली. नमुना, डबी आणि फॉर्म घेऊन मी शिरवण्याला गेलो. मावशी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या. सून आतून पाणी घेऊन आली. मावशींनी सूप बाजूला ठेवलं, वायर चिमटीत धरली, समज दिली. एक हिसका, दुसरा, तिसरा. मग चौथा, जो त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता. मान जागची हलली नाही.

"गला झाला," त्या म्हणाल्या. "पन आयकू कशावर?"

मी तयारी करून आलो होतो. "तुम्हीच गा. मी रेकॉर्ड करतो."

"मी? मी सोल्डर करनारी. आई गायाची, मी मागं बसायची."

"रोज तर गातान तांदूल निवडताना," सून दारातून म्हणाली. "शेजारचे आवाज बंद करतान टीव्हीचा."

मावशींनी सुनेकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या रेकॉर्डरकडे. सूप पुन्हा मांडीवर घेतलं. रेकॉर्डरला म्हणाल्या, "वरडू नको. बोल." आणि गायला लागल्या. आधी दबकत, दुसऱ्या ओळीपासून मोकळं. हात सुपात चालत होता, बांगड्या वाजत होत्या. सून दाराला टेकून उभी राहिली ती तशीच राहिली.

मग त्यांनी ते ऐकलं. एकदा सबंध, एकदा मागे नेऊन. मी फॉर्म धरून उभा. परीक्षेच्या निकालाला मी इतका घाबरलो नव्हतो.

"बांगड्या हाय," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "न् मना दम नाय लागत."

सूप पालथं घालून, त्यावर फॉर्म ठेवून त्यांनी सही केली.

आता महाप्याला त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. तेच मॉडेल, डबीसकट, आमचं सगळ्यात जास्त जातं आणि अजून एकही मान तुटून परत आलेली नाही. रोज सकाळी पहिला इअरफोन कानात घातला की आधी मावशी मलाच दम देतात, वरडू नको, बोल, आणि मग धवला सुरू होतो. बांगड्या आल्या की मी टिक करतो.

दर वर्षी गणपतीनंतर मी शिरवण्याला जाऊन नवी रेकॉर्डिंग करून आणतो. ऑफिसात सांगतो की चाचणीची फाइल ताजी लागते. तसं काही नसतं. आवाजाची फाइल शिळी होत नाही. मालकांनाही ते माहीत आहे, पण ते त्या दिवशी मला अर्धा दिवस सुट्टी देतात आणि काही विचारत नाहीत.

परतताना मी गावाबाहेर स्कूटर थांबवतो, डबी जोडतो आणि बांगड्यांकडे लक्ष न देता तिसऱ्या ओळीच्या आधीचा मावशींचा श्वास ऐकतो. यंदाचा स्वच्छ आहे.