अनगोळात बांधलेली स्पोर्ट्स कार

दिनू गेल्याची बातमी आली तेव्हा मी सहावीच्या मुलींना तांब्या आणि दोन लिंबं काढायला दिली होती. बुधवार होता. दिनूचा जोडीदार रझाकभाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. "आक्का, दिनू गेला. फौंड्रीतच. बसल्या जागी." दिनू माझा धाकटा भाऊ. मुलींना चित्रं पुरी करायला सांगून मी निघाले.

पुढचे दहा दिवस माणसं येत राहिली. चेहरे पाडून यायची आणि तिसऱ्या वाक्याला गाडीवर घसरायची. एका गाडीचे इतके किस्से साठतात, हे मला तेव्हा कळलं. बरं, दिनू आणि रझाकनं उभ्या आयुष्यात बांधली ती एकच गाडी!

ती निपाणीच्या आप्पांची. आप्पा तंबाखूचे व्यापारी. बेत असा, की जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची, वरचा पत्रा उतरवायचा आणि खालच्या सांगाड्यावर नवी, बिनछपराची बॉडी चढवायची. पत्रा ठोकणार रझाक, मापं दिनूची, चित्र माझं.

दिनूनं एकच अट घातली. "पहिल्यांदा आक्का बसणार."

आप्पा म्हणाले, "बसू दे की! तुम्ही दोघांनी बांधलेल्या गाडीत पहिल्यांदा मी बसतोय व्हय!"

*

गाडी मिळाली कॅम्पातल्या एका रिटायर्ड कॅप्टनकडं. साहेबांनी दोन दिवस खपून पॉलिश केलं होतं. आरशासारखी चकाकत होती. या दोघांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, थेट खाली शिरले.

साहेबांनी चहा आणला. कप चाकापाशी ठेवले. खालून एक हात आला, कप घेऊन गेला. मग दुसरा आला.

साहेब माणूस सरळ. वाकून म्हणाले, "एक सांगायला हवं. पॉलिशखाली पत्रा गंजलेला आहे."

खालून रझाक म्हणाला, "त्याचं काय एवढं, साहेब! उद्या कापूनच टाकणार हाय!"

साहेब आत गेले, ते व्यवहाराला बाईसाहेबच बाहेर आल्या.

*

दिनूला चित्र खऱ्या आकाराचं हवं होतं. एवढा कागद कुठला? रविवारी शाळेत जाऊन मी फळ्यावर काढलं. फळा कमी पडला, मागचा भाग भिंतीवर गेला.

सोमवारी हेडमास्तर वर्गात आले. सर कडक. कोट आणि काळी टोपी घातल्याशिवाय कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं. बराच वेळ ते चित्राकडं बघत राहिले.

"पुसते सर," मी म्हटलं.

"आधी माप घेऊ द्या त्यांना," सर म्हणाले. "आणि बाई, मागचा दिवा थोडा खाली घ्या."

*

दिनू फौंड्रीत पॅटर्नमेकर. ओतकामाआधी लाकडी नमुना करायचा तो. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना जरा मोठा करतात. त्यासाठी त्यांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित लांब. पंधरा वर्षं तीच पट्टी हातात. पत्रा ठोकायचा लाकडी सांगाडा दिनूनं तिनंच मापला!

अनगोळात चार महिने ठोकून बॉडी तयार झाली. गाडीवर ठेवली, तर दीड इंच लांब. कारण कळल्यावर रझाकनं हातोडी खाली टाकली.

"आरं, पत्रा काय आकसणार हाय व्हय रं?"

दिनू शांतपणे म्हणाला, "थंडी पडू दे की. बघूया."

*

आप्पा एकदा काम बघायला आले. मागं वाकून म्हणाले, "हितं तंबाखूची दोन पोती बसली पायजेत."

रझाक भडकला. "मग बैलगाडीच वापरायची की आप्पा!"

"बैलगाडी हाय की," आप्पा म्हणाले. "तिला कोण वळून बघत न्हाय."

*

गाडी पुरी झाली त्या शुक्रवारी दुपारी शाळेच्या फाटकाशी हॉर्न वाजला. सगळी शाळा खिडक्यांत! आप्पा दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला येणार होते.

"आक्का, चल. मच्छे गावापर्यंत जाऊन येऊ," दिनू गाडीतून ओरडला.

"तास आहे रे माझा. सुटल्यावर बसते."

तेवढ्यात हेडमास्तर जिना उतरून फाटकाशी गेले. आता दिनूची धडगत नाही! सरांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "ब्रेक तपासलेत?"

"तसं बघितल्यात, सर. पण शेजारी वजन ठेवून न्हाय."

"मग बाईंना कसं बसवता?" असं म्हणून सर स्वतःच बसले.

परत आले ते पाऊण तासानं. केस उभे, डोक्यावर टोपी नाही. सरांना केस आहेत हे शाळेला त्या दिवशी कळलं! ते उतरले, कोट झटकला, खिडक्यांकडं बघून म्हणाले, "टोपी मच्छ्याजवळ उडाली. आणायला हवी." आणि पुन्हा आत बसले.

दुसऱ्यांदा आले तेव्हा शाळा सुटली होती. टोपी सापडली नव्हती. फाटकाशी माझ्याशेजारी आप्पा हार घेऊन उभे होते.

"उद्या अमावस्या हाय," ते दिनूला म्हणाले. "आजच नेतो. आक्का बसल्या न्हवं?"

दिनूनं माझ्याकडं बघितलं.

"बसले," मी म्हटलं.

आप्पांनी बॉनेटला हार घातला आणि गाडी निपाणीला नेली.

मी त्या गाडीत कधीच बसले नाही.