वीस मिनिटांचा शेक

माझ्या भाच्याची बायको सांध्यांवर उपचार करते. डोंगराकडची पोर; भाषा वेगळी, देव वेगळे. लग्नात आमच्याकडच्यांची तोंडं महिनाभर फुगलेली होती. आता माना आखडल्या की तीच मंडळी तिच्याकडे धावतात.

तिच्या दवाखान्यात तीन खाटा, मध्ये पडदे. तिथे कुणाला नाव नाही, हा तिचा नियम. "कंबर, कुशीवर वळा. गुडघा, पाय सरळ." मंत्री असो की हमाल. मी खांदा.

गुडघा म्हणजे सत्तेतल्या पक्षाचे पुढारी, सपाटीवरच्या लोकांचे. कंबर म्हणजे डोंगरी पक्षाचे. दोघांचं बोलणं कधीचंच बंद. त्यांच्या भांडणापायी डोंगराचा रस्ता पाच आठवडे अडला होता. एकाने खालून पोलीस बसवले, दुसऱ्याने वरून झाडं आडवी टाकली. आणि रस्त्याच्या पलीकडे हिची आई, घोटा मोडलेली. प्लास्टर निघालं होतं. आता पायाला कुणी हात लावला नाही तर तो कायमचा आखडणार. ही फोनवर पाय कसा फिरवायचा ते सांगायची. आई म्हणायची, "फिरवते गं," आणि फिरवायची नाही. अख्ख्या शहराचे सांधे सोडवणारी मुलगी, तिला आईचा एक पाय हाताशी मिळत नव्हता.

मी म्हटलं, दोघंही तुझ्या हाताखाली पडलेले असतात, सांग ना तोंडावर. हात पुसत ती म्हणाली, "आत्या, मी मागितलं की तो उपकार होतो. एकाने केला की दुसरा तो मोडून काढणार."

आणि एका गुरुवारी तिने दोघांनाही अकराचीच वेळ दिली. "चूक झाली माझी," म्हणाली. चेहरा कोरा. दोघांना शेकाच्या गरम पिशव्या बांधल्या, मलाही खांद्याला एक बांधून मधल्या खाटेवर टाकलं आणि कानात बजावलं, "तोंड उघडायचं नाही." दाराजवळच्या टेबलावर वीस मिनिटांची घंटा लावली आणि बाहेर गेली. शेक बांधलेला माणूस ताडकन उठून जाऊ शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

आधी नुसतं खाकरणं. मग कंबरवाल्यांनी छताला विचारलं, जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना. गुडघेवाले म्हणाले, उतरताना.

"तरीच तुम्ही खुर्चीवरून उतरत नाही."

"आणि तुमची कंबर का वाकत नाही, तेही आज कळलं."

दोघं हसले. मी ओठ चावून पडले होते. बोलणं रस्त्यावर आलं आणि पुन्हा तेच रडगाणं, आधी तुम्ही हटा, आधी तुम्ही. मला तर उठून दोघांच्या पिशव्या काढून घ्याव्याशा वाटत होत्या. तेवढ्यात लक्षात आलं, माझा खांदा गार पडलाय. अर्धा तास कधीच उलटला होता, घंटा मात्र वाजली नव्हती. पडद्याच्या फटीतून दिसलं: दारातून हात आत आला, त्याने घंटेचा काटा गुपचूप मागे फिरवला आणि निघून गेला.

म्हणजे त्या दोघांचेही शेक गार झालेले. गार पिशवी अंगाला लागतेय, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? पण "बाई, घंटा वाजली नाही का," असं एकानेही विचारलं नाही. पडून राहिले, आणि हळू आवाजात ठरवत राहिले: आठवड्यातून दोन सकाळी, आजाऱ्यांच्या गाड्यांना, आणि दोघांनी एकाच वेळी हटायचं.

पेपरात दोन्ही पक्षांनी पाठ थोपटून घेतली. घेवोत बापडे.

पुढल्या गुरुवारी हिची आई आली. मला बाकड्यावर हाकललं आणि मधली खाट आईला. पडद्याआडून गुडघेवाल्यांनी विचारलं, आज मध्ये खांदा नाही वाटतं.

"आज घोटा आहे," ती म्हणाली.

घोटा दोन्ही हातांत धरून ती बसली होती आणि आई तिला त्यांच्या भाषेत रागावत होती. किती वाळलीस, असंच काहीतरी असणार. तेवढं मलाही कळतं. पलीकडे कंबरवाल्यांना तर शब्दन् शब्द कळत होता. घंटा वाजली, वेळेवर. दोघंही उठले नाहीत.