फोन येईपर्यंत

आमच्या ग्रंथालयाच्या डेटाबेसमधलं टेबल, म्हणजे नोंदींचा एक तक्ता, उडवायला आदेशाची एक ओळ पुरते, आणि उडवलेलं सहसा परत मिळत नाही. म्हणून बिनवापराचं वाटणारं टेबल काढताना मी आधी फक्त त्याचं नाव बदलतो. मग ते कुणाला सापडत नाही, आणि ज्याला लागतं त्याचा महिनाभरात फोन येतो.

‘मागितलेली पण नसलेली पुस्तकं’ या टेबलासाठी सत्ताविसाव्या दिवशी काउंटरवरच्या सुलभाताईंचा फोन आला.

“अहो, ती यादी दिसत नाही.”

“तिचं काय करता, ताई?”

“काही नाही. पुस्तक देता आलं नाही, निदान कुणी काय मागितलं होतं ते वाचते अधूनमधून.”

मी जुनं नाव परत दिलं. त्याच वेळी नाव बदललेल्या बाकी चार टेबलांसाठी महिनाभरात कुणाचाच फोन आला नाही, ती उडवली. आता सारखं वाटतं, ती खरंच कुणाला नको होती, की ज्याला हवी होती त्याच्याकडे माझा नंबर नव्हता?