शेख मॅडम आणि तातेरावांचा पेटलेला फड

मेहरुन्निसा शेख यांच्याबद्दल गव्हाणेवस्तीत कोणी चांगलं बोलत नव्हतं, आणि त्यांनी ते कधी अपेक्षिलंही नव्हतं.

तीर्थपुरीहून सकाळची जीप धरायची, फाट्यावर उतरायचं आणि तिथून दीड किलोमीटर उसामधून चालत शाळा गाठायची, असं त्यांचं अकरा वर्षं चाललं होतं. शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोन, पोरं चौतीस. पहिली-दुसरी मुख्याध्यापक राजानंद सरांकडे, तिसरी-चौथी मॅडमकडे. मॅडम हसायच्या कमी. उशिरा आलेल्या पोराबरोबर बाप आला, तर त्या दारातच विचारायच्या, "घड्याळ पोराचं बंद हाय का तुमचं?" बाप परत जायचा आणि पारावर बसून त्यांना शिव्या घालायचा.

पण त्यांची एक तऱ्हा पोरांना धरून ठेवायची. परिसर अभ्यासाचा धडा त्या वाचून घेत नसत. जूनमध्ये प्रत्येक पोराला एकेक जीव नेमून द्यायच्या. कोणाला लिंबावरचं घरटं, कोणाला विहिरीतलं कासव, कोणाला बांधावरचं वारूळ. वर्षभर त्याच्यावर नजर ठेवायची आणि दर शनिवारी उभं राहून सांगायचं. आपल्या हातून त्याला काही इजा झाली असली, तर तेही सांगायचं. एका पोरानं दगड मारून घरटं पाडल्याचं कबूल केलं, तेव्हा मॅडमनी त्याला मारलं नाही. महिनाभर त्याच झाडाला पाणी घालायला लावलं. त्याची आई भांडायला आली, "माझं पोरगं तुमचा माळी हाय का?" मॅडम म्हणाल्या, "नाही. म्हणून पगार देत नाही."

चौथीत गोदावरी नावाची मुलगी होती. सगळे तिला गोदाच म्हणत. तातेराव गव्हाणे यांची ही एकुलती मुलगी. तातेराव वस्तीतले मोठे बागायतदार आणि शाळा समितीचे अध्यक्ष. जानेवारीत ऊसतोड टोळी त्यांचा फड तोडून गेली आणि मागे उसाच्या पानांचं गुडघाभर वाळलेलं पाचट राहिलं. त्या पाचटात, कोपऱ्यातल्या बांधाजवळ, गोदाला रानमांजराची दोन पिल्लं दिसली.

शनिवारी तिनं वर्गात सांगितलं आणि शेवटी विचारलं, "मॅडम, आबा पाचट पेटवणारेत. मंग पिल्लांचं काय करायचं?"

"आबांना सांग, आठ दिवस थांबा म्हणावं. मांजरी आपली पिल्लं स्वतःच हलवते."

"न्हाई ऐकलं तर?"

"नीट सांगितलं की माणूस ऐकतो," मॅडम म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या.

गोदानं बापाला नीट सांगितलं. तातेराव तिला "बरं बरं" म्हणाले. मंगळवारी ती शाळेत गेल्यावर त्यांनी पाचटाला काडी लावली. त्यांचंही गणित होतं. कालव्याच्या पाण्याची पाळी आली होती, त्याआधी रान मोकळं हवं होतं, पाचट बारीक करून त्याची कुट्टी करणारं मशीन मार्चपर्यंत मिळत नव्हतं, आणि बापजाद्यापासून पाचट जाळतच आले होते. दोन मांजरांसाठी पाणी सोडून द्यायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही.

अकराच्या सुमाराला शाळेच्या खिडकीतून धूर दिसला. गोदा न विचारता उठली आणि अनवाणीच पळत सुटली. मॅडमनी दोनदा हाक मारली, मग त्याही धावल्या. फड तीनशे पावलांवर होता. त्या पोचल्या तेव्हा गोदा बांध ओलांडून कोपऱ्यात शिरली होती. तिथली आग वरून विझल्यासारखी दिसत होती, खाली निखारे होते. मॅडम आत गेल्या, पोरीच्या दंडाला धरून तिला ओढत बाहेर काढली. गोदाचे दोन्ही तळवे भाजले होते. तिच्या हातात एक जळालेलं पिल्लू होतं आणि ती ते सोडत नव्हती. दुसरं पिल्लू सापडलं नाही.

राजानंद सरांनी मोटरसायकलवर तिला तीर्थपुरीच्या दवाखान्यात नेलं. तातेराव फडाच्या दुसऱ्या टोकाकडून आले, तेव्हा मॅडम ओढणीनं स्वतःची होरपळलेली पोटरी झाकत बांधावर बसल्या होत्या. तातेराव त्यांच्यासमोर उभे राहिले.

"तुम्ही पाठवलं तिला."

"मी आणायला आले होते."

"शिकवलं कोणी मंग?"

मॅडम बांधाला हात टेकून उठल्या आणि लंगडत शाळेकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी वस्तीनं शाळेला कुलूप लावलं होतं. व्हरांड्यात चाळीसेक माणसं जमली होती. राजानंद सरांनी बसायला सतरंजी आणली, पण कोणी बसलं नाही. तातेराव फार बोलले नाहीत. बोलले त्यांचे चुलतभाऊ मच्छिंद्र.

"आमची पोरं आमच्याच रानात आम्हाला अडवून राह्यली. फवारा मारू नका म्हणतेत, औषधाचा डबा ओढ्यात धुऊ नका म्हणतेत. शाळा हाय का पोलीस ठाणं? आन् मॅडम, तुम्ही ईदला बकरं कापता. आम्हाला दया शिकवता व्हय?"

थोडे लोक हसले. मॅडमनी मच्छिंद्रकडे बघितलं.

"कापते. खाते. खाते ते लपवत नाही. तुम्ही जाळता ते खातही नाही."

मग एकच गलका झाला. कोणी म्हणालं, बाईला बोलायची रीत न्हाई. कोणी म्हणालं, हिची बदली झाल्याबिगर पोरं शाळेत येणार न्हाईत. गलका ओसरेपर्यंत मॅडम उभ्या राहिल्या आणि मग तातेरावांकडे वळून म्हणाल्या, "पोरीच्या पायाचा दोष माझा आहे. आगीत शिरायचं नसतं, हे मी शिकवायला हवं होतं, ते राहिलं. त्याची माफी मागते. बाकी शिकवलं ते परत शिकवीन."

तातेरावांनी माफीचा शब्द ऐकला की नाही, कळलं नाही. ते चपला घालून निघून गेले.

चौकशीला शिक्षण खात्याचे साहेब आले. पोरांना बाहेर बसवून मोठ्यांचे जबाब झाले. राजानंद सरांनी लिहून दिलं, 'सदर उपक्रमाची मला कल्पना नव्हती.' मॅडमनी तो कागद वाचला.

"सर, अकरा वर्षं दर शनिवारी तुम्ही शेजारच्या खोलीत बसलात."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझी निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत, मॅडम." त्यांनी माफी मागितली नाही आणि मॅडमनी ती मागूही दिली नसती.

पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम आला. जांब समर्थच्या बाजूची शाळा, घरून दोन जीप बदलून. मॅडमचे नवरे रहमतुल्ला तीर्थपुरीत कापूस पिंजून गाद्या भरण्याचं दुकान चालवत. हुकूम वाचून ते म्हणाले, "एखाद वेळी चूप बसली असतीस तर?"

"तर तुमच्यासोबत कापूस भरत बसले असते. जीपचा खर्च तरी वाचला असता."

त्या दोघांचं त्या विषयावरचं बोलणं तिथंच संपलं.

एप्रिलमध्ये गोदाची आई आसराबाई गादी भरायला घेऊन दुकानात आल्या. रविवार होता. मॅडम मागच्या खोलीत असतील हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या बोलायलाच आल्या होत्या.

"पाय बरे झाले. पर पोरगी बापाशी बोलत न्हाई. तीन म्हैने झाले. ते जेवायला बसले की ही उठती. ते आजारी पडले तरी जवळ गेली न्हाई. तुम्ही माझ्या घरात भांडण लावून गेलात, मॅडम."

मॅडमना प्रत्येक आरोपावर बोलायची सवय होती. हा आरोप मात्र त्यांनी आधी स्वतःशी तोलला. पोरीला दया शिकवली होती, राग धरायला कुठं शिकवलं होतं? पण तो उगवला त्याच शनिवारच्या तासातून, हे त्यांना दिसत होतं. आजारी माणसाकडे पाठ फिरवणारी पोरगी ही आपलीच विद्यार्थिनी, हे त्यांना फार लागलं.

"तिला सांगा," त्या शेवटी म्हणाल्या, "बापाशी बोल, असा मॅडमचा हुकूम आहे."

आठ दिवसांनी आसराबाई गादी न्यायला आल्या. "सांगितलं तिला. म्हणली, मॅडम आता आपल्या शाळेत न्हाईत." एवढं सांगून त्यांनी गादी उचलली. मॅडमनी आधार द्यायला हात पुढं केला, तर त्यांनी गादी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. पुढच्या जानेवारीत एका संध्याकाळी घनसावंगीहून परतताना मॅडम जीपमध्ये बसल्या होत्या. एका थांब्यावर तातेराव चढले. जागा एकच होती, मॅडमच्या समोरची. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तातेराव आधी बाहेर बघत बसले. तीन-चार किलोमीटर गेल्यावर ते म्हणाले, "बोलती आता पोरगी."

"बरं झालं."

"तुमच्यामुळं न्हाई."

"मी कुठं म्हटलं?"

जीप खड्ड्यातून गेली. तातेरावांनी वरची दांडी धरली. "औंदा पेटवायच्या आधी डबा वाजवत फडातून फिरायला लावलं तिनं. आख्ख्या फडातून. म्या पुढं, ती मागं. मच्छिंद्र बांधावर बसून हसत व्हता. दोन ससे निघाले. घंटाभर गेला माझा."

"आणि मग पेटवलंच."

"पेटवलं."

"कुट्टीचं मशीन आधीच सांगून ठेवलं असतं तर मिळालं असतं."

तातेरावांनी दांडीवरची मूठ आवळली. "तुम्ही मला शिकवू नका. पोरीचे पाय बघितले की तुमचं तोंड आठवतं मला. ते न्हाई जायचं."

"न जाऊ दे," मॅडम म्हणाल्या.

जीपमधली माणसं ऐकत होती, पण मधे कोणी पडलं नाही. फाटा आल्यावर तातेराव उतरले आणि उसातल्या वाटेला लागले. मॅडमनी पाय थोडे लांब केले.

फेब्रुवारीत नव्या शाळेत मॅडमवर पहिली तक्रार आली. पोरं बापांना ओढ्यावर फवारणीचे पंप धुऊ देत नाहीत, दगड घेऊन काठावर उभी राहतात, असं त्यात होतं. खाली सव्वीस सह्या होत्या. मॅडमनी ती दोनदा वाचली. शनिवारी त्यांनी वर्गात आल्या आल्या आधी दगडांबद्दल विचारलं, कोणी कोणी घेतले होते त्यांना उभं केलं, माणसावर दगड उचलायचा नसतो हे शिकवायचं या वेळी राहू दिलं नाही, आणि तो तास बराच वेळ चालला.